इसार घेण्याआधी

ज्यांनी प्रश्न विचारलाय ते अंबाजोगाई तालुक्यातले शेतकरी. साडेसहा एकर वावर, त्यातलं तीन एकर बागायती. मुलगी लातूरला बारावीला आहे, फिजिक्स-मॅथ्स चांगलं आहे, आणि तिला एअरलाइनची पायलट व्हायचंय. संभाजीनगरला एका सेमिनारमध्ये त्यांना 'दीड वर्षात लायसन्स आणि हमखास नोकरी' असं सांगण्यात आलं. बागायती तीन एकराला गिऱ्हाईक तयार आहे, इसार घ्यायचा तेवढा बाकी. आजीचा मात्र ठाम विरोध. प्रश्न एवढाच: विकू का?

भाऊ, आधी तुमच्या आईच्या भीतीबद्दल बोलतो, कारण तो विषय लवकर संपतो. २६ एप्रिल १९९३ ला चिकलठाण्याहून उडालेलं बोइंग धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ५५ माणसं गेली. त्या पिढीच्या मनात ते घर करून बसलंय, माझ्याही आजीच्या मनात होतं. तिला समजवायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. पण या धंद्यात भ्यायचं तर त्यासाठी आभाळाकडे बघायची गरज नाही. खरी भीती जमिनीवर आहे. पैसा आधी जातो, सगळा जातो, आणि पगार कधी सुरू होईल हे ना शाळा सांगू शकते ना डीजीसीए, म्हणजे लायसन्स देणारं सरकारी खातं.

मी सेलूचा. वडिलांचं कृषी सेवा केंद्र होतं. २००५ मध्ये बारावी झालो तेव्हा पेपरात दर महिन्याला नवी एअरलाइन निघत होती, आणि पायलट मिळत नाहीत म्हणून परदेशातून कॅप्टन आणत होते. वडिलांनी प्लॉट गहाण ठेवला. २००९ मध्ये लायसन्स हातात आलं तोवर जगभरची मंदी येऊन बसली होती आणि भरती बंद. पहिली नोकरी लागली ती २०१३ च्या शेवटी. मधली चार वर्षं मी दुकानात बसून खत-बियाणं विकलं. गिऱ्हाईक दारातूनच ओरडायचं, "ए पायलट, दोन पोती डीएपी काढ." त्यात टोमणा कमी आणि सवय जास्त होती, पण लागायचं. जुलैत पावसानं ओढ दिली की तीच माणसं दुसऱ्यांदा बियाणं न्यायला यायची. ज्याच्याकडे दुबार पेरणीपुरते पैसे शिल्लक असायचे तो त्या वर्षी तरायचा, आणि ज्यानं पहिल्याच पेरणीला सगळं घातलेलं असायचं तो उधारीच्या वहीत यायचा. पायलटच्या धंद्याचं गणित मला फ्लाइंग स्कूलपेक्षा त्या गल्ल्यावर जास्त कळलं.

आपल्याकडे लातूर पॅटर्ननं एक सवय लावलीय. क्लास लावा, मार्क काढा, नंबर लागला की सीट, सीट मिळाली की डॉक्टर. मधे काही शंका नाही. डॉक्टर झालेलं लेकरू दुसऱ्या दिवशी गावात दवाखाना टाकू शकतं. पायलटचं तसं नसतं. लायसन्स आहे पण एअरलाइन घेत नाही, तर त्या लायसन्सचं करायचं काय? स्वतःचं विमान काढून तर कोणी बसत नाही. बरं, लायसन्स कपाटात ठेवून टिकतही नाही. मेडिकल दर वर्षी, बाहेर न बघता नुसत्या उपकरणांवर उडवायची परवानगी, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, त्याची तपासणी दर वर्षी, हात बसलेला राहावा म्हणून अधूनमधून उड्डाणाचे तास, आणि हे सगळं पदरच्या पैशानं. माझी ती चार वर्षं फुकट बसण्यातली नव्हती, उलट बसून खर्च करण्यातली होती.

आता आकडे. कमर्शिअल पायलट लायसन्सला किमान २०० तास उड्डाण लागतं. त्यात १०० तास स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्यावर घेऊन, ५ तास रात्रीचे, आणि एक ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरची, लांबची फेरी. भारतात आज याला ५० ते ६० लाख लागतात, राहणं-खाणं धरून जास्तच. ६० धरले तर एका तासाला तीस हजार. सोयाबीनचे सहा क्विंटल एका तासात हवेत, अक्षरशः. त्यानंतर एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ अशा एका ठराविक विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान उडवायची वेगळी परवानगी, त्याचे आणखी १५ ते २० लाख. एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्रॅममधून, म्हणजे एअरलाइननं आधीच निवडून शिकवून घ्यायच्या वाटेनं, गेलात तर एकूण आकडा कोटीच्या पुढे जातो. तिथं नोकरीची शक्यता बरीच चांगली असते, पण करारातली बारीक अक्षरं वाचली तर कळतं की लगेच घेऊच असा शब्द तिथंही क्वचितच दिलेला असतो. सेमिनारमध्ये तुम्हाला कुठला आकडा सांगितला ते तुम्ही लिहिलं नाहीत. टाइप रेटिंग त्यात धरलं होतं का, हे आधी विचारा. बहुतेक वेळा धरलेलं नसतं.

माझं म्हणणं असं आहे, भाऊ: पैसा टप्प्याटप्प्यानं घाला, आणि प्रत्येक टप्प्यावर मागं फिरता येईल असं ठेवा. एजंट नेमका याच्या उलट वागतो. त्याला सगळी रक्कम पहिल्याच महिन्यात हवी असते.

पहिला टप्पा मेडिकल. आधी डीजीसीएच्या यादीवरच्या डॉक्टरकडून क्लास टू ही प्राथमिक तपासणी, मग क्लास वन ही कमर्शिअल लायसन्सला लागणारी. चष्मा चालतो, लोक उगीच घाबरतात. रंगांधळेपणा मात्र बहुतेकांचा रस्ता तिथंच बंद करतो. ठिपक्यांच्या चित्रांमधून आकडा ओळखायचा असतो. माझ्या ओळखीतल्या एका पोरानं वर्षभर क्लास लावला, पुण्यात खोली घेतली, दीड-दोन लाख घालवले आणि मग मेडिकलला गेला. डॉक्टरनं तिसरं पान उलटलं, त्याला आकडा दिसेना. घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण कापसाचं बोंड आणि पान ओळखायला कधी अडलंच नव्हतं. कान, हृदय, रक्तदाब, साखर, सगळं बघतात. 'टेम्पररी अनफिट' असा शिक्का आला तर घाबरू नका, त्याचा अर्थ पुन्हा तपासणी. पण क्लास वनचा कागद हातात येईपर्यंत कुठल्याही शाळेला एक रुपया देऊ नका. यावर मी वाद घालणार नाही.

दुसरा टप्पा पेपर. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, रेग्युलेशन्स, टेक्निकल, आणि रेडिओची आरटीआरची परीक्षा. पेपरांना ७० टक्क्यांना पास. हे विमानात न बसता देता येतं, आणि लातूरचं लेकरू इथं कमी पडत नाही. उलट हेच आपलं बलस्थान. दोन-अडीच लाखांत, सोबत बीएस्सीला नाव घालून, वर्ष-दीड वर्षात हे उरकता येतं. मी तर म्हणतो पेपर सगळे निघाल्याशिवाय फ्लाइंगला पाठवूच नका. शाळेत जाऊन पेपर देणारी पोरं तिथं होस्टेलचं भाडं भरत अभ्यास करतात, आणि पेपर अडला की तास अडतात. आणि हो, यात तिचा जीव रमतो का तेही कळतं. विमानाचा फोटो आवडणं वेगळं आणि वाऱ्याच्या त्रिकोणाची गणितं रात्री अकरापर्यंत सोडवणं वेगळं.

तिसरा टप्पा शाळा. खरा पैसा आणि खरा वेळ इथं जातो, म्हणून इथं जरा थांबतो.

माझी शाळा महाराष्ट्राबाहेर होती, नाव घेत नाही. माहितीपत्रकात सहा विमानं होती, उडणारी दोन. एका सेसनाचं इंजिन ओव्हरहॉलला गेलं ते साडेचार महिने परत आलं नाही. आम्ही पोरं पहाटे साडेपाचला एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागी, हजर. पंखाखालच्या ड्रेनला पारदर्शक नळकांडं लावून थोडं इंधन काढायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं: रंग निळसर आहे ना, तळाशी पाण्याचा थेंब नाही ना. वेग मोजणाऱ्या पिटोट नळीचं कव्हर काढायचं, टायरवरून हात फिरवायचा. मग फळ्याकडे बघत बसायचं. फळ्यावर खडूनं नावं आणि वेळा लिहिलेल्या असत. धुकं असलं, दृश्यमानता पाच किलोमीटरच्या खाली असली, की इन्स्ट्रक्टर येऊन काही न बोलता डस्टरनं पहिली दोन नावं पुसायचे. साडेनऊला धुकं विरलं की मागच्यांचा नंबर, तोवर वारा वाढलेला. अकरा वाजता मेसमध्ये थंड पोहे. ऑगस्टच्या एका अख्ख्या महिन्यात माझे तास झाले चार. होस्टेल आणि मेसचं बिल मात्र पूर्ण महिन्याचं.

म्हणून 'दीड वर्षात' हा शब्द ऐकला की मी एकच भागाकार करतो. महिन्याला १५ तास मिळाले तर २०० तासांना साधारण तेरा-चौदा महिने. ८ मिळाले तर दोन वर्षांच्या वर. त्यामुळं शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात चहा पिऊन परत येऊ नका. मेसमध्ये जाऊन बसा आणि पोरांना विचारा, मागच्या महिन्यात तुझे किती तास झाले? लॉगबुक, म्हणजे उडालेल्या तासांची वही, दाखवतील. एप्रनवर विमानं मोजा, आणि त्यातली किती ताडपत्रीखाली आहेत तेही मोजा. इन्स्ट्रक्टर किती टिकतात ते विचारा, कारण एअरलाइनची भरती निघाली की सगळ्यात आधी तेच निघून जातात. डीजीसीएनं २०२५ मध्ये देशातल्या फ्लाइंग स्कूलची पहिल्यांदा श्रेणी लावली तेव्हा वरच्या 'ए' श्रेणीत एकही शाळा बसली नाही. तेव्हा भिंतीवरच्या 'नंबर वन'च्या पाटीचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हीच ठरवा. आपल्या राज्यात बारामती, गोंदिया, धुळे, जळगाव, नागपूर इथं प्रशिक्षण चालतं, एकेक दिवस काढून बघून या. फी हप्त्यानं आणि उडालेल्या तासांप्रमाणे द्या. सगळी एकरकमी भरली तर वीस टक्के सूट, असं कोणी म्हणालं तर ती सूट तुम्हाला नाही, त्याला आहे.

आणखी एक. काही ठिकाणी 'तास आम्ही भरून देऊ' असं हळूच सांगतात. आमच्यात याला 'पार्कर पेनचे तास' म्हणतात, म्हणजे विमानात न उडवलेले, पेनानं उडवलेले. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका आणि खोट्या तासांची प्रकरणं देशभर गाजली, पायलटांना अटका झाल्या. लेकीला त्या वाटेला जाऊ देऊ नका, एवढंच.

परदेशाचं थोडक्यात: अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड इथं तास भराभर होतात हे खरं, पण परत येऊन लायसन्स भारतीय करून घ्यायला पुन्हा वेळ आणि पैसा जातो, आणि मधे रुपया घसरला तर बजेट कोलमडतं.

आता नोकरी. तुम्ही लिहिलंय, 'पेपरात तर येतं की देशाला ३० हजार पायलट लागणार.' मंत्री तसं म्हणतात, आणि ते चूकही नाही. इंडिगोनं २०२३ च्या जूनमध्ये एकदम ५०० विमानांची ऑर्डर दिली, त्याच वर्षी एअर इंडियानं ४७० ची. पण ते पुढच्या १५-२० वर्षांचं बोलणं आहे, आणि तुमच्या लेकीला नोकरी लागणार ती एका ठराविक महिन्यात. विमानं ठरल्यापेक्षा उशिरा येतात. आलेली विमानं इंजिनाच्या बिघाडानं जमिनीवर उभी राहतात. दुसरं म्हणजे टंचाई कुणाची? कॅप्टनची. २०० तासांच्या नवख्याची टंचाई या देशात मी कधी पाहिली नाही. २०२३ मध्ये डीजीसीएनं सोळाशेच्या वर कमर्शिअल लायसन्स दिली. तेवढी पोरं एका वर्षात रांगेत आली, आधीची होतीच. एअरलाइन घेते ती घोळक्यानं घेते, सहा महिने भरती आणि मग वर्षभर सामसूम. मोंढ्यात तूर कधी न्यायची हे जसं आपल्या हातात नसतं तसंच. फरक एवढाच की तूर गोदामात ठेवली तर फार बिघडत नाही, पायलटचा हात बिघडतो.

म्हणून चौथ्या टप्प्याचं सांगतो: टाइप रेटिंगचे पैसे वेगळे बाजूला ठेवा, आणि ऑफर हातात नसताना स्वतःच्या मनानं टाइप रेटिंग करू नका. तुम्ही एअरबसचं करून बसलात आणि भरती बोइंगची निघाली तर? माझ्या बॅचच्या दोघांचं असंच झालं. एक आता विमा कंपनीत आहे, चांगलं चाललंय त्याचं. दुसऱ्याशी माझं बोलणं राहिलं नाही.

नोकरी लागली म्हणजे सुटलो असंही नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री उडालं. गो फर्स्ट २०२३ च्या मे महिन्यात बसली. प्रत्येक वेळी शेकडो पायलट, पंचविशी-तिशीतली, डोक्यावर कर्ज, एका आठवड्यात रस्त्यावर. माझ्यावर ती वेळ थोडक्यात टळली, पण २०२० च्या मार्चमध्ये देशातली विमानं दोन महिने बंद झाली आणि मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिनं आधी पगार कापला, मग बिनपगारी रजेवर पाठवलं. मी सेलूला आलो आणि पुन्हा त्याच गल्ल्यावर बसलो. आता मी कॅप्टन होतो, खांद्यावर चार पट्टे. गिऱ्हाईकानं मात्र हाक तीच मारली.

बाकीचं रोजचं. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा, त्यात एक इंजिन टेकऑफलाच बंद करून देतात आणि परीक्षक मागं वही घेऊन बसतो. उड्डाणाआधी फुंकून दाखवायची दारूची चाचणी. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलात तर तीन महिने निलंबन, दुसऱ्यांदा तीन वर्षं. मी दारू पीत नाही, तरी खोकल्याचं औषध घेताना बाटली उलटून वाचतो. एके वर्षी माझा रक्तदाब वाढलेला निघाला आणि तीन महिने मी घरी. ईएमआय मात्र घरी बसत नाही. लायसन्स गेल्यास भरपाई देणारा विमा असतो, तो पहिल्या पगारातूनच काढायला सांगा. कंपनी सोडायची तर कॅप्टनला एक वर्षाची नोटीस, को-पायलटला सहा महिन्यांची, हा सरकारचा नियम. म्हणजे नोकरी तुम्हाला एका आठवड्यात सोडून जाऊ शकते, तुम्ही तिला नाही.

मग मी यात का आहे? ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर पहाटेचं विमान मराठवाड्यावरून जातं तेव्हा जायकवाडीचं पाणी आधी चांदीसारखं आणि मग तांबूस दिसतं. त्या दिवशी मी कोणाशी फारसं बोलत नाही. पगारही चांगला आहे, खोटं कशाला बोलू. नवख्या को-पायलटला प्रशिक्षण संपल्यावर दीड-दोन लाखांच्या घरात मिळतात, कॅप्टनला त्याच्या कितीतरी पट. जो तरतो त्याचं भलं होतं. मी तरलो, कारण घरात दुकान होतं. हुशारीचा त्यातला वाटा मी निम्म्याहून कमी धरतो.

मुलगी आहे म्हणून भावकी काही बोलत असेल तर त्यांना सांगा, आपल्या देशात पायलटांमध्ये बायकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. माझ्या शेजारच्या सीटवर आठवड्यातून एकदा तरी कोणाची तरी लेक असते. काम तेच, पगार तोच.

आता तुमचा मूळ प्रश्न. नाही, बागायती तीन एकर आत्ता विकू नका. मेडिकल आणि पेपर मिळून तीन-साडेतीन लाख लागतील, ते जमीन न विकता उभे राहतात. तो काळ वर्ष-दीड वर्षाचा आहे, तेवढ्यात बाजार कुठं चाललाय तेही दिसेल. पुढं शैक्षणिक कर्जाचं बघा. शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा तयार नसतात, एनए प्लॉट किंवा घर मागतात, म्हणून मॅनेजरला आत्ताच भेटून ठेवा. सरकारी योजनाही बघा. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेनं नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत इतर मागासवर्गातल्या आणि भटक्या-विमुक्तांतल्या मुलांसाठी असं प्रशिक्षण काढलं होतं, त्यात बसत असाल तर नव्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. रायबरेलीजवळ फुरसतगंजला केंद्र सरकारची अकादमी आहे, तिची प्रवेश परीक्षा तिनं द्यावीच. आणि एवढं सगळं करून जमिनीला हात लावायची वेळ आलीच, तर एक एकर विका, तेही जिरायतीतलं. विहिरीचं वावर शेवटपर्यंत ठेवा. लेक चार वर्षं घरी बसली तर तिला आणि तुम्हाला दोघांना तेच पोसणार आहे.

गिऱ्हाईकाला 'दिवाळीनंतर बघू' म्हणा. मी दिवाळीत चार दिवस सेलूला आहे, लेकीला घेऊन या. येताना तिनं एक गणित सोडवून आणावं. विमानाचा वेग १०० नॉट, म्हणजे तासाला १०० नॉटिकल मैल, जायचं अंतर १५० नॉटिकल मैल आणि तेवढंच परत यायचं. वारा नसेल तर जाऊन-येऊन तीन तास. आता वारा २० नॉट, जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. एकूण वेळ तीन तासच लागेल का? बहुतेक पोरं न मांडताच 'हो' म्हणतात. तिनं कागदावर मांडून आणावं.